शिवलिंगप्पांचं जहाज

टबात सोडून दहा मिनिटं झाली नव्हती, तोच बोट एका बाजूला कलायला लागली. बोटीचे मालक शिवलिंगप्पा समोरच स्टुलावर बसले होते.

“म्याडम, पाणी शिरतंय की.”

“दिसतंय, अप्पा.”

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं वर्कशॉप आहे. मी बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेल्स बनवते. इमारती तरंगत नाहीत, त्यामुळे ही वेळ कधी आली नव्हती. अप्पा मैंदर्गीचे. नेव्हीत जहाजावर स्वयंपाकी होते. गावात त्यांना ‘कप्तान’ म्हणतात आणि म्हणताना हसतात. आपल्या जहाजाचं तीन फुटी लाकडी मॉडेल त्यांना शेततळ्यात सोडायचं होतं. सगळ्या गावासमोर.

चूक माझीच होती. हल म्हणजे बोटीचं पोट. ते मी बाहेरून झकास रंगवलं आणि आतून कोरं ठेवलं. आत कोण बघतंय! पण लाकडी पट्ट्यांच्या सांध्यांतून पाणी आत गेलं, लाकूड फुगलं आणि रंगाला फोड आले.

सगळा रंग खरवडला. हल आठवडाभर सावलीत वाळवला, कारण ओलं लाकूड सील केलं की ओल आतच कोंडते. मग एपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळले की दगडासारखं घट्ट होणारं रेझिन. सोलापूरचा मे महिना. पहिलं मिश्रण वाटीतच धुमसून घट्ट झालं. मग सकाळी लवकर, थोडं थोडं कालवून लावलं. आतून दोन हात, बाहेरून दोन. सांध्यांवर बारीक कापडाच्या पट्ट्या. वर रंग. या वेळी बोट दिवसभर टबात ठेवली. आत टिश्यू पेपर अंथरला होता, तो कोरडा निघाला.

“आता थेंबभर पाणी जाणार नाही,” मी छातीठोकपणे सांगितलं.

तळ्यावर निम्मं गाव जमलं होतं. बोट सरळ तरंगली. हसणारे बघायला पुढे सरकले. अप्पा ताठ उभे राहिले. जहाजातलं आपलं स्वयंपाकघर दिसावं म्हणून त्यांनी डेकचं झाकण मुद्दाम काढायला लावलं होतं.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी शांतव्वा तांब्या घेऊन पाण्यात उतरल्या. हळदकुंकू, फुलं वाहिली आणि जहाजाला वरून आंघोळ घातली. मागून आणखी चौघी आल्या, चार तांबे घेऊन. मी ओरडेपर्यंत बोट भरली. तळाला तोल राखायला शिसं होतंच. फुलांसकट ती शांतपणे खाली गेली.

“कप्तान, बुडालं की जहाज!” काठावरून कुणीतरी ओरडलं.

अप्पा कमरेएवढ्या पाण्यात शिरले. चाचपडत बोट वर काढली, काठोकाठ भरलेली. दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

“बुडालं न्हाय, भरलं! बघा, खालनं एक थेंब तरी गळतोय का?”

खरंच गळत नव्हता. गावानं टाळ्या वाजवल्या.

“आन् मला वाटलं, माझंच चुकलं,” शांतव्वा म्हणाल्या.

त्यानंतर मी आणखी तीन बोटी केल्या. आतून-बाहेरून तसंच सीलिंग. पण काम पुरं झालं की हलच्या तळाला आतलं पाणी सोडायला स्वतःच्या हातानं एक भोक पाडते, त्याच्या कडा सील करते आणि त्याला रबरी बूच लावते. गिऱ्हाईक दचकतं. मी सांगते, पाणी नेहमी खालूनच येतं असं नाही.