उस्तादांच्या कार्डावरचं कॉकटेल

माझे सासरे एकतीस वर्षं एका जुन्या हॉटेलात बारमन होते आणि आयुष्यात कधी दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. या गोष्टीचा त्यांना कोण अभिमान! परवा त्या हॉटेलच्या नव्या मॅनेजरबाईंचा फोन आला. तुमचं ते संत्रं-लिंबाचं कॉकटेल पुन्हा सुरू करतोय, मेनूत खाली तुमचं नाव छापू, सोमवारपर्यंत कृती लिहून द्या. झालं! तेव्हापासून माझं स्वयंपाकघर माझं राहिलं नाही.

कृती त्यांच्या उस्तादांनी दिलेल्या पिवळ्या पडलेल्या कार्डावर होती. 'एका लिंबाचा रस, अर्ध्या संत्र्याचा रस, जिन, साखरेचा पाक अंदाजे.' आता लिंबू केवढं? संत्रं आंबट की गोड? आणि अंदाज कोणाचा? विचारावं तर उस्ताद कधीच गेले.

रविवारी दुपारपर्यंत सहा पेले झाले. ओटा चिकट, सालांचा ढीग, बर्फ संपलेला. चाखायला मी आणि नवरा. मी एकेक घोट घेऊन ठेवून देत होते, नवरा मात्र प्रत्येक पेल्याला मान डोलवून म्हणे, "छान झालंय, बाबा."

"सगळेच कसे छान?" बाबा भडकले. "दुसऱ्यात पाक दुप्पट पडला होता."

मीही वैतागले होते. "मग तुम्हीच सांगा ना, नेमकं कसं लागायला हवं?"

"ते मला काय माहीत?" बाबा म्हणाले. "मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचो. पहिल्या घोटाला डोळे बारीक व्हायचे, मग खांदे सैल पडायचे, की समजायचं जमलं. तुमच्या तोंडावरची तर माशीही हलत नाही."

मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. मी ओटा पुसायला घेतला.

सातवा पेला त्यांनी स्वतः तोंडाला लावला. आम्ही दोघं बघतच राहिलो. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, थांबून आणखी एक घेतला.

"कसं आहे?" नवऱ्याने विचारलं.

"आंबट आहे. थोडं कडू." त्यांनी पेला खाली ठेवला. "पण तिथे असंच लागायचं का, ते आता कोणाला विचारू?"

मग त्यांनी कार्डावरचा मजकूर जसाच्या तसा कागदावर उतरवला आणि कागद माझ्या हातात दिला.

"बाईंना पाठव. आणि सांग, माझं नाव छापू नका."