ऊस म्हणजे आउट

दक्षिण सुदानमधल्या एका मैदानावर घडलेल्या प्रसंगाबद्दल मी माझ्या कमांडिंग ऑफिसरना खोटे सांगितले. त्याची शिक्षा एका शिक्षिकेने भोगली. खरे काय ते ठाऊक असलेला माझा सहकारी माझ्यासाठी गप्प राहिला. हे मी घरीसुद्धा कधी बोललो नव्हतो.

मी पारगावचा. तेव्हा नायब सुभेदार होतो. आमची पलटण शांतिसेनेत, नाईल नदीकाठच्या एका गावी तैनात होती. पहाटे पाचला हजेरीचे फॉल-इन, सहाला गस्तीच्या गाड्या बाहेर. दिवसभर धान्याच्या ट्रकांना एस्कॉर्ट, संध्याकाळी जनरेटरचा आवाज आणि डास. रविवारी दुपारी तीननंतर मोकळीक मिळे, आणि त्या मोकळिकीत क्रिकेट चाले.

हा खेळ तिथे आम्ही नेला असे इकडे पुष्कळांना वाटते. तसे नाही. निर्वासित म्हणून युगांडा-केनियात वाढलेली तरुण मंडळी परत येताना तो बरोबर घेऊन आली होती. त्यांच्याकडे खेळ होता. जागा आणि सामान नव्हते. अचोल ही त्यांची कर्णधार. शाळेत गणित शिकवायची आणि ऑफस्पिन टाकायची. पहिल्याच दिवशी कॅम्पच्या गेटवर येऊन तिने मला इंग्रजीत विचारले, "तुम्ही भारतीय ना? मग तुमची बॅट कुठे आहे?"

बॅट हवालदार बबन पडवळकडे होती. बबन महाळुंगे पडवळचा, म्हणजे माझ्याच तालुक्यातला. सुरुंगांचे प्रशिक्षण घेतलेला, उंचापुरा, सावकाश बोलणारा. आम्ही खेळायचो त्या कॅम्पशेजारच्या मैदानाच्या पूर्वेला पुरुषभर उंचीचे गवत होते. त्या पट्ट्यात जुन्या लढाईतले सुरुंग असावेत असा संशय होता, म्हणून कडेने लाल रंगवलेले दगड मांडलेले होते. सफाई पथक अजून तिथवर पोहोचले नव्हते.

बबनने ते गवत पाहिले आणि हसला. "साहेब, हे तर आपलं उसाचं रान झालं की."

आमच्या भागात पोरे उसाच्या कडेला खेळतात आणि उसात बिबट्या असतो. म्हणून गावोगाव एकच नियम: चेंडू उसात गेला की फलंदाज आउट, आणि चेंडू आणायला कोणीही आत जायचे नाही. ऊसतोड आली की कोयत्याखाली वर्षभराचे चेंडू निघतात. बबनने तोच नियम तिथे लावला. लाल दगडांपलीकडे चेंडू गेला की आउट. गेलेला चेंडू गेला. आम्ही टेनिस बॉलने खेळायचो, त्यामुळे कोणी हळहळत नसे. त्या गवताला सगळे 'ऊस' म्हणू लागले. कोणी दगडांजवळ गेले की मैदानभर आरोळी उठे, "ऊस! ऊस!" आणि पळणारा जागच्या जागी थांबे. बबनने ती सवयच लावली होती.

"बिबट्या किती मोठा असतो?" अचोलने त्याला एकदा विचारले.

"तुमच्या सिंहापेक्षा लहान. पण आमचा दारात येतो," बबन मोडक्या इंग्रजीत म्हणाला. ती पोट धरून हसली.

मग एका रविवारी मुख्यालयातून पाहुणे यायचे ठरले. सामन्याची जबाबदारी माझ्यावर होती. माझ्या बढतीची ती वेळ होती. पाहुण्यांसमोर सगळे नीटनेटके दिसावे, एवढेच माझ्या डोक्यात होते. मी लेदर बॉल मागवले. दोनच मिळाले. टॉसच्या वेळी मी दोन्ही संघांना सांगितले, "आज खरे नियम. दगडांपलीकडे गेला तर सिक्स."

बबन मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, आउट व्हतं म्हणून तिकडं कुनी मारत न्हाई. सिक्स दिला की समदे तिकडंच मारनार. आन् बॉल आनायला जानार कोन?"

"दगड दिसतात सगळ्यांना. कोणी जाणार नाही."

"बघा बुवा. मला लई बरोबर वाटत न्हाई."

"हवालदार, जागेवर जा."

तो गेला.

आमच्या डावात दोनपैकी एक चेंडू गवतात गेला. टाळ्या पडल्या. शेवटच्या षटकात आम्हाला जिंकायला बऱ्याच धावा हव्या होत्या. आमच्या लान्स नायकाने दुसराही चेंडू तिकडेच भिरकावला. तिसरा लेदर बॉल नव्हता, सामना थांबणार होता, आणि अचोलचा संघ प्रथमच आम्हाला हरवत होता. सीमारेषेवर तीच उभी होती. चेंडू कुठे पडला ते तिला दिसले. ती दगड ओलांडून आत धावली.

"ऊस! अचोल, ऊस!"

बबनचा आवाज होता. ती गवतात जागीच थांबली. एक पाऊल अर्धवट उचललेले होते, ते तिने मागच्याच ठशावर टेकवले.

मी रेडिओ घेतला. "कंट्रोल, मैदानावरून बोलतोय. एक सिव्हिलियन लाल दगडांच्या आत. अँब्युलन्स स्टँडबाय. ओव्हर."

"रॉजर. कोणीही आत जाऊ नये. आउट."

बबन तोवर गवताशी पोहोचला होता. मी ओरडून आदेश सांगितला. त्याने ऐकला आणि खाली वाकून तिची पावले शोधू लागला. दुमडलेल्या गवतावर तिचा प्रत्येक ठसा पाहत, त्यावरच पाय ठेवत तो आत गेला. "वळू नकोस. माझा हात धर. आता मागे, त्याच जागी." एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. दोघे बाहेर आले तेव्हा अचोलच्या ओठांवर रक्त होते. तिने ओठ दाताखाली धरला होता. पुढे सफाई पथकाला त्या पट्ट्यात सुरुंग सापडले. एक ती थांबली होती तिथून हातभर पुढे होता.

संध्याकाळी कमांडिंग ऑफिसरनी मला आणि बबनला बोलावले. "नियम होता ना? मग ती आत कशी गेली?"

मी म्हणालो, "साहेब, खेळाच्या भरात ती नियम विसरली."

बबनने माझ्याकडे पाहिले. बोलला नाही. दुसऱ्या दिवशी अचोलच्या संघाला मैदानबंदी झाली; तिला किंवा खेळाडूंना कोणी काही विचारले नाही.

रात्री मी त्याच्या तंबूशी गेलो. तो बूट पुसत होता. "तुमचं तुमी सांगा, साहेब," तो म्हणाला. "मी न्हाई सांगनार. पन सांगा."

परतीला थोडेच दिवस उरले असताना धान्याच्या ट्रकांच्या काफिल्यावर गोळीबार झाला. बबन पहिल्या गाडीत होता.

अचोलने खेळ सोडला नाही. तिने शाळेमागच्या मोकळ्या जागेत पुन्हा सुरुवात केली. फळ्या तासून बॅटी केल्या, मग कुठून तरी मॅटिंग मिळवले. आज ती प्रशिक्षक आहे. आसपासच्या वस्त्यांत मुलींचे संघ आहेत आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या दोन मुली देशाच्या निवड शिबिरापर्यंत गेल्या. हे पाहून मला मनापासून समाधान वाटते. तिने माझा फोन नंबर शोधून काढला होता. बबनच्या स्मरणार्थ महाळुंगे पडवळला दरवर्षी तोड झालेल्या रानात सामने होतात, त्यात ती व्हिडिओ कॉलवर येते आणि मी बबनच्या शौर्यावर भाषण करतो.

या वर्षी बबनची पत्नी सुनंदावहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, दरसाली त्येच भाषन. पोरांना तोंडपाठ झालंय. कायतरी नवं सांगा की."

"आहे," मी म्हणालो. "पण ऐकून तुम्हाला राग येईल."

"येऊ द्या. ह्यांच्याबद्दल हाय ना? मग मला ऐकायचंय."

पडद्यावर अचोल होती. तिच्या मागे मुली खेळत होत्या. कोणीतरी उंच फटका मारला आणि तिकडून आरोळी आली, "ऊस!" त्या गवतातले सुरुंग केव्हाच निघाले आहेत. शब्द राहिला आहे. आमच्या रानातली पोरे ते ऐकून आनंदाने ओरडली.

मी माइक घेतला. आधी इंग्रजीत, मग मराठीत बोललो.

"अचोल, त्या दिवशी तू नियम विसरली नव्हतीस. तो मी काढला होता. बबनने मला अडवले होते. मी साहेबांसमोर तुझ्यावर ढकलले, आणि तुझे मैदान गेले. वहिनी, बबनला हे ठाऊक होते. मी स्वतः सांगावे म्हणून तो थांबला, आणि मी त्याला फार थांबवले. अचोल, माझे चुकले. बबन, माझे चुकले. मला क्षमा करा."