दाराआडून कोण बोललं

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. माझे वडील शाळामास्तर. आमच्या घरात अंगारा, धुपारा, देवऋषी यांना थाराच नव्हता. तिन्हीसांजेला चिंचेखालून जाऊ नका असं कोणी म्हणालं, की वडील आम्हा पोरींना मुद्दाम तिकडूनच न्यायचे. मासिकात असले अनुभव छापून येतात ते वाचून मला हसू यायचं. आता तसलाच एक माझ्या वाट्याला आला आहे... तो छापायला पाठवण्याचं धाडस माझ्यात नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, चार माणसांत तोंड उघडत नाही. तरी जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते आहे. कारण त्या दिवशी जी बोलली ती मी नव्हते, आणि हे माझ्या घरात कोणालाही पटलेलं नाही.

महाराजांनी स्टेशनाजवळ जी नवी पेठ वसवली आहे, तिथे आमचं घर. गावापासून जरा बाहेर, सरळ रुंद रस्ते, एकसारख्या आखलेल्या जागा. बहुतेक सगळे गुळाचे अडते. ह्यांचीही गुळाचीच अडत. घर आम्हीच बांधलेलं. त्याआधी तिथे जोंधळ्याचं शेत होतं. त्या जागेत कोणी मेलेलं, कोणाला पुरलेलं, असलं काही नाही. मी पुढे मुद्दाम विचारून घेतलं.

घरात आम्ही चौघं. हे, मी, माझ्या सासूबाई – त्यांना मी आत्याबाई म्हणते – आणि धाकटे दीर, भाऊजी. पुढे सोपा, मागे माजघर, दोहोंच्या मधल्या दाराला बांबूच्या काड्यांचा पडदा, म्हणजे चिक, टांगलेला. आमच्यात गोषा पाळतात. परका पुरुष सोप्यावर आला की मी चिकाच्या आत. आत्याबाईंचं वय झालं, त्या पदर पुढे ओढून सोप्यावर बसतात. मला काही सांगायचं असेल तर ते मी आतून ह्यांना हळू सांगायचं, आणि ह्यांनी पाहुण्याला. माहेरी मी मोकळी हिंडलेली. पण मुळात बोलायचीच सवय कमी, त्यामुळे चिकाचा मला फारसा जाच झाला नाही.

जाच होता तो मूल नसण्याचा. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर ह्यांनी इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याकडून कुत्र्याचं पिल्लू आणलं, तांबूस रंगाचं, एक कान मोडलेलं. मी त्याला बाळ्या म्हणू लागले. आत्याबाईंना तेवढं पुरलं. "पोरगं होईना तवा कुत्र्याला बाळ म्हनाय लागली. उद्या त्येचं बारसंबी घालंल," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. सांगोत बापड्या. दिवसभरात माझ्याकडे बघून ज्याला आनंद व्हायचा असा या घरात तो एकच जीव होता.

श्रावणात बाळ्यानं खाणं सोडलं. जबडा लोंबायला लागला, तोंडातून लाळेच्या तारा गळायला लागल्या. पाणी पुढे ठेवलं की तोंड घालायचा आणि ओरडून मागे सरायचा. डोकं भिंतीला घासायचा. पेठेत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. भाऊजी शिकारीची बंदूक काढून सोप्यावरच बसले.

"पिसाळलंय," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता उडवतो."

"मग वाट कुनाची बघतोयस?" आत्याबाई म्हणाल्या. "घाल गोळी नि व्हा मोकळं. हिला काय, दुसरं आनून दिऊ."

मी माजघरात ह्यांचे पाय धरले. एकदा डॉक्टरला दाखवा, मग काय ते करा. महाराजांच्या पागेतल्या घोड्यांवर इलाज करणारे शेख डॉक्टर पेठेतल्या घरी येऊन गाई-बैलं बघतात, हे मला ठाऊक होतं. कुत्र्यासाठी त्यांना कोणी घरी बोलावलेलं मात्र ऐकलं नव्हतं. ह्यांनी माझे हात पायावरून सोडवले. मग म्हणाले, "आणतो. पण त्येनी सांगितलं पिसाळलंय, तर रडायचं न्हाय."

दुपारी टांगा आला. शेजारपाजारचे गडी कुंपणाला येऊन उभे राहिले, तमाशा बघायला यावं तसे. बाळ्याला सोप्याच्या खांबाला आखूड साखळीनं बांधलं होतं.

"ओ डॉक्टर," समोरचा अडत्या ओरडला, "घोडं न्हाय त्ये, कुत्रं हाय! लाथ न्हाय मारनार, चावंल!"

"घोडं दोन्ही करतंय, पावणं," डॉक्टर म्हणाले आणि बूट काढून सोप्यावर आले. आत माझ्या बांगड्या वाजल्या तसे ते चिकाकडे पाठ करून बसले. "आमच्याबी घरात पडदा हाय," एवढंच म्हणाले.

लांबूनच त्यांनी बाळ्याला नीट पाहिलं. मग ह्यांना म्हणाले, "हे बघा, दोनच गोष्टी असतात. एक तर कुत्रं पिसाळलंय. न्हायतर तोंडात काय तरी आडकलंय. दोन्हीत जबडा असाच लोंबतो, लाळ अशीच गळते. आडकलं असलं तर हात घालून काढतो, हुतंय बरं. पण पिसाळलेलं असलं आणि मी हात घातला, तर त्येच्या मागोमाग मीबी गेलो. तवा खरं सांगा. ह्येनं हाडूक खाल्लंय का?"

"श्रावण हाय," आत्याबाई फणकाऱ्यानं म्हणाल्या. "आमच्या घरात म्हैनाभर कांदा शिरत न्हाय, हाडूक कुठलं? तुमच्यासारखं न्हाय आमच्यात."

डॉक्टरांनी भाऊजींकडे वळून विचारलं, "भाईर कुठं खाल्लंय का?"

"भाईर सोडतच न्हाई ती त्येला," भाऊजी म्हणाले. बंदूक मांडीवर आडवी होती. "पिसाळलंयच. उगा तुमचा हात कशाला घालवता?"

"कुत्र्याला खायला कोण घालतं?"

"आमची मंडळी," हे म्हणाले.

"मग त्यांनाच इचारा."

हे चिकाशी आले. "काय गं, हाडूक खाताना बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. नाही म्हणावं, तर तिथल्या तिथे बंदूक उडणार. हो म्हणावं, तर एका परक्या माणसाचा हात मी त्या तोंडात घालायला लावणार. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होते. मला ना हो म्हणता आलं, ना नाही.

"बघितलं की."

माझ्या डाव्या बाजूनं कोणीतरी बोललं. आवाज माझा होता. स्वतःचा आवाज आपल्याला कसा ओळखू येणार असं कोणी म्हणेल... मला आला. फक्त माझ्याहून मोठा, खणखणीत, कोणाची भीड नसलेला. आणि तो माझ्या कमरेइतक्या उंचीवरून आला. एखादी बाई शेजारी उकिडवी बसून बोलावी तसा. मी मान फिरवली. तिथे भिंत आणि धान्याची कणगी. दुसरं कोणी नव्हतं. परड्याकडचं दार मी सकाळीच आतून कडी घालून बंद केलं होतं.

"टाळ्याला आडवं बसलंय," आवाज म्हणाला. "दोन्ही दाढांच्या मधी. डाव्या अंगानं काढा."

"पर हाडूक आलं कुठनं?" ह्यांनी बाहेरून विचारलं.

"बंदूक धरून बसलाय त्येला इचारा की. लाकडाच्या ढिगामागं बसून मटण कोण खातंय? हाडकं कुनाला घालतंय?"

 कुंपणावरचे गडी पुढे वाकले. चिकाच्या फटीतून मला बाळ्या दिसत होता. लाळ गाळत, मान वाकडी करून तो चिकाकडे बघत होता. मी उभी होते तिकडे नाही. माझ्या डावीकडे, खाली. आणि त्या हालातही शेपटी हलवत होता.

"खोटं हाय!" भाऊजी उठले. "ही बाई माज्यावर–"

"बसा," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नाही. "भावसाहेब, हात माझा जाणार हाय. आईसमोर लाज वाटत असंल तर नुसती मान हलवा."

भाऊजी कोणाकडेही न बघता उभे राहिले. मग त्यांनी मान हलवली.

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. श्रावणात घरात मटण खाल्लं हे आईला कळू नये म्हणून ते कुत्र्याला गोळी घालायला बसले होते.

डॉक्टरांनी हाताला जाड फडकं गुंडाळलं, ह्यांना साखळी धरायला लावली, बाळ्याच्या जबड्यात लाकडाचा तुकडा आडवा घातला आणि चिमटा आत नेला. डाव्या अंगानं. बाळ्या किंचाळला. बकऱ्याच्या फासळीचा तुकडा निघाला, दोन्ही दाढांच्या मध्ये टाळूला आडवा रुतलेला. पुढे पाणी ठेवलं तर ते सगळं लपालपा प्यायला.

घरात आनंद मात्र कोणालाच झाला नाही. डॉक्टर टांग्यात बसून गेले. मग आत्याबाई उठल्या, आणि ज्यानं मटण खाल्लं त्याच्याकडे न जाता चिक बाजूला सारून माझ्याकडे आल्या.

"परक्या बाप्यासमोर त्वांड उघडलंस? आनि ते कुनासाठी, कुत्र्यासाठी? माज्या ल्योकाची अब्रू कुंपनावर वाळत घातलीस! ज्या तोंडानं बोललीस त्या तोंडात आज अन्न जायचं न्हाय."

"मी न्हाय बोलले, आत्याबाई."

"मग कोन? भूत बोललं?" हे म्हणाले. "माज्या कानानं ऐकलंय मी."

मी पदराचा बोळा दाखवला. ओला होता, दातांचे वण होते त्याच्यावर. ह्यांनी तो बघितलाही नाही. ह्यांनी आणि भाऊजींनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. माझी चाहूल लागली की भाऊजी थुंकतात.

कोणी म्हणेल, घाबरून माझंच तोंड नकळत बोललं असेल. मी स्वतःला तेच समजावत होते. पण लाकडाच्या ढिगामागचं मला माहीत नव्हतं. टाळूतलंही नव्हतं. बरं, तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी ते विसरले असते.

पुढे एकदा मी भरल्या उजेडात आमच्या अंगणातल्या विहिरीवरून घागर घेऊन येत होते. दारात पाय ठेवते तोच सोप्यावरून आत्याबाईंनी नेहमीसारखी हाक दिली, "कुठं मेलीस गं?"

"हितं हाय की. मेलेली न्हाय अजून." स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

आत्याबाई आतल्या बाजूला काहीतरी ओरडणार होत्या, तेवढ्यात त्यांना दारात मी दिसले. डोक्यावर घागर, अंगावर सांडलेलं पाणी. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघराकडे.  त्यानंतर त्यांनी मला शिव्या देणं बंद केलं. आता त्या माझ्या हातचं जेवत नाहीत, आणि मी शेजारून गेले की भिंतीला चिकटतात. शिव्या बऱ्या होत्या.

तोंडातली जखम बघायला डॉक्टर पुन्हा घरी आले. हे अडतीवर होते, भाऊजी बाहेर. आत्याबाई सोप्याच्या टोकाला बसून होत्या. डॉक्टरांनी बाळ्याचं तोंड बघितलं, बरं आहे म्हणाले, आणि चिकाकडे पाठ करून म्हणाले, "बाई, तुमच्यामुळं वाचलं हे. तुमी सांगितलं नसतं तर मीच गोळी घाला म्हणलो असतो."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी परक्या पुरुषाशी बोलले. "डॉक्टर, त्या दिवशी मी बोलले नव्हते."

 मागे न वळताच ते म्हणाले, "तुमी आत्ता बोललात तो आवाज आणि त्या दिवशीचा... एकच वाटतोय मला."

"मला बी. पण मी नव्हते."

"आत्ता मी फाटकाशी आलो तवा 'या, सोप्यावर हाय त्यो' असं आतनं कोण म्हणालं?"

मी काहीच म्हटलं नव्हतं. आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी मान नाही म्हणून हलवली आणि जपमाळ ओढायला लागल्या. डॉक्टर उठले. बूट हातातच घेऊन फाटकापर्यंत गेले, तिथे उभ्याउभ्या पायात घातले. पुन्हा बोलावलं तर आले नाहीत. घोड्यांचं काम फार आहे असा निरोप आला.

हे सगळं मी सोसलं असतं. नवऱ्याचा अबोला, दिराचं थुंकणं, सासूची भीती. ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो तर वाचला होता. पण बाळ्या माझ्याकडे येईना. मी भाकरी कुस्करून पुढे ठेवली की खातो, पण नजर माझ्यावर नसते. खाऊन झालं की माजघरात जातो आणि कणगीपाशी, त्या रिकाम्या जागेसमोर बसतो. मोडका कान उभा करायचा प्रयत्न करतो, मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला करतो. त्याच्याशी कोणी बोलत असताना तो असाच करायचा... मला काही ऐकू येत नाही. मधेच उताणा होऊन पोट दाखवतो, आणि मग पाय झाडत राहतो. पूर्वी मी पोट खाजवलं की झाडायचा तसाच.

मी जवळ जाऊन बसले एकदा. त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं दात दाखवले. गुरगुरला नाही, चावला नाही. नुसते दात दाखवले, आणि मी हात काढून घेतल्यावर पुन्हा तिकडे तोंड केलं.

मग परवा परड्यात कपडे वाळत घालताना तो कोपऱ्यात पडलेला दिसला. घरात कोणी नव्हतं. मी हाक मारली, "बाळ्या." त्यानं मान वर केली नाही. पुन्हा मारली. नाही. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत घरातून माझ्याच आवाजात हाक आली, मोठी, लाडाची, "बाळ्याऽ!" तो उठला आणि माझ्या पायाला घासून आत पळाला.

हे काय आहे, मला कळत नाही. भूत म्हणावं तर कोणाचं? त्या जागेत कोणी मेलेलं नाही. वेड म्हणावं तर ते सासूबाईंना कसं ऐकू आलं, डॉक्टरांना कसं? आणि कोणाला विचारायची सोय मला नाही.

बाळ्या जिवंत आहे. अंगावर तकाकी आली आहे त्याच्या. मी त्याला आता हाक मारत नाही. मारली आणि तो आलाच, तर कोणाच्या हाकेला आला, हे मला कसं कळणार?