जांभूळओढ्याची आठवी पायरी

बिबवेवाडीतून सकाळी सातला निघालो. गाडी नात चालवत होती, सुजाता. कात्रजचा घाट मागं पडला तशी म्हणाली, "आजोबा, जांभूळओढ्याला आता कुणी राहत नाही. बघायचं काय?"

"माझ्या बापाची विहीर."

"असेल का अजून?"

"तुमच्या सोसायटीची भिंत आहे का ती, पडायला?"

गावाच्या अलीकडं गाडी चिखलात रुतली. पुढं चालत. नातीनं हात दिला, मी धरला नाही. मार्केट यार्डात जन्मभर पोती वाहिलीत.

गावाचे नुसते चौथरे उरलेत. ओढ्याच्या पुरात घरं गेली. निम्मं गाव वर डांबरी रस्त्याला गेलं, निम्मं पुण्याला. ओढ्यावर वरच्या अंगाला गाव पाणी भरायचं, आम्ही खाली, गुरं धुतलेलं. बौद्ध झाल्यावर बापानं आणि आमच्या वस्तीनं कातळ फोडून स्वतःची पायविहीर (पायऱ्यांनी उतरायची विहीर) केली. पुढं दुष्काळात गावची विहीर आटली, तेव्हा सगळं गाव आमच्या पायऱ्या उतरलं. बापानं कुणाला अडवलं नाही.

विहिरीवर ट्रेकला आलेले चौघं डबे खात होते. त्यांतला एक चष्मेवाला फोनसमोर बोलत होता, "ही विहीर पेशवेकालीन असावी."

"पेशवे नव्हेत, माझा बाप," मी म्हणालो.

"असं? काही पुरावा, काका?"

सुजाता माझ्याकडं बघायला लागली. लहानपणापासून तिनं हे नुसतं ऐकलेलं.

म्हटलं, "वर दिसतात त्या सात पायऱ्या. आठवी पाण्याखाली आहे, दुप्पट रुंद. उजव्या भिंतीत हंडा ठेवायला कोनाडा. आई पोटुशी होती, एका दमात चढवेना, म्हणून बापानं तिला विसाव्याला केली. पोटात मी होतो."

चष्मेवाला उठायच्या आत सुजातानं बूट काढले. भिंत धरून उतरली, पाण्यात पाय घातला, मग दुसरा. हात भिंतीवरून फिरवला आणि ओरडली, "आजोबा, कोनाडा आहे!"

चष्मेवाल्यानं डबा खाली ठेवला. "वडिलांचं नाव काय, काका?"

"धोंडिबा. पुढं पेशवे लावू नका."

त्यानं फोनसमोर पहिल्यापासून नीट सांगितलं. मग चौघांनी आमची गाडी ढकलून बाहेर काढली.

परतताना कात्रजला चहाला थांबलो. सुजातानं आईला फोन लावला. "अगं, मी आपल्या विहिरीत उतरले." इतकी वर्षं ती 'आजोबांची विहीर' म्हणायची.

मी तिच्यासाठी आणखी एक चहा सांगितला. माझ्या मागं त्या पायरीची साक्ष द्यायला आता तिचे पाय आहेत.