दादाच्या हातातला चौथा हिस्सा

सिंगापुरात चोआ चू कांगला आमच्या ब्लॉकसमोरच्या झेब्रा क्रॉसिंगवर एका मालाच्या व्हॅनने माझ्या नवऱ्याला उडवलं. चूक व्हॅनवाल्याची होती आणि ती त्याने स्वतः कबूल केली. त्याची विमा कंपनी मात्र कबूल करेना. तीही सरळ नाही म्हणत नव्हती, बारीक बारीक शंका काढत होती. हा फोन बघत चालत होता का, पावलं घाईची होती का, असलं. खांदा निखळला होता आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. मनगटात धातूची पट्टी घालून स्क्रू बसवले. बोटं शाबूत होती, पण मिटत नव्हती.

नवरा प्रयोगशाळांतली मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचा. त्यातले स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढे. डिप्लोमा झाल्याझाल्या तो कामाला लागला, कारण धाकट्याला पुढे शिकायचं होतं. धाकटा, म्हणजे माझा दीर, शिकला, बँकेत लागला, सिंगापूरला आला आणि मग त्यानेच आम्हाला इकडे यायची वाट दाखवली. तो बुकित तिमाहला महागड्या काँडोत राहतो, आम्ही सरकारने बांधलेल्या एचडीबीच्या फ्लॅटमध्ये. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. हे मी कुठेही सांगते, काँडोतल्या हळदीकुंकवालासुद्धा सांगते. एकदोन बायका घाईने चिवड्याची ताटली पुढे करतात.

अपघातानंतर नवऱ्याच्या कंपनीने काही महिने वाट पाहिली आणि मग दुसरा माणूस घेतला. घर माझ्या एकटीच्या पगारावर आलं. मी एका छोट्या फर्ममध्ये अकाउंट्स बघते. फ्लॅटचा हप्ता नुकता सुरू झाला होता. तेव्हा वकील गाठली ती भाऊजींनीच. तोआ पायोहला बाजाराच्या वर तिचं दोन खोल्यांचं ऑफिस. मध्यम वयाची तमिळ बाई, केस आखूड कापलेले, इंग्रजी तुटक आणि स्वच्छ. तिने कागद पाहिले आणि म्हणाली, "केस चांगली आहे. वेळ लागेल. डॉक्टरांचे रिपोर्ट, तज्ज्ञांच्या फिया, हे आधी भरावं लागेल. माझी फी वेगळी."

भाऊजी हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही भरपाईत हिस्सा घ्या ना. मिळालं तर तुम्हालाही मिळालं."

"इथे चालत नाही. माझं लायसन्स जाईल."

"अमेरिकेत सर्रास घेतात."

"मग अमेरिकेत जाऊन व्हॅनखाली यायला हवं होतं," ती म्हणाली, आणि नवरा अपघातानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसला.

मी विचारलं, "पण का नाही चालत? हरलात तर तुमचं गेलं, जिंकलात तर घ्या. यात वाईट काय?"

तिने पेन खाली ठेवलं. "हिस्सा असला की मी तुमच्या मिस्टरांच्या हाताकडे वेगळ्या नजरेने बघेन," ती म्हणाली. "मी वाईट बाई नाही. पण बघेन."

तिचं म्हणणं मला त्या दिवशी पूर्ण पटलं नाही. माझ्या वडिलांच्या टोळीतल्या एका हमालाचा पाय ट्रकखाली गेला होता. त्याच्या दारात हिस्सा घेणारा वकील आला नसता तर दुसरा कुणी आलाच नसता. आगाऊ फी तो कुठून देणार होता? वकिलाने त्यातला मोठा लचका घेतला. लोक नावं ठेवायचे, पण त्या हमालाची बायको दर दिवाळीला त्या वकिलाकडे फराळाचा डबा घेऊन जायची. हिस्सा म्हणजे पाप, हे ज्यांच्या खिशात आगाऊ द्यायला पैसे असतात त्यांना म्हणणं सोपं आहे. तेव्हाही मला असंच वाटत होतं आणि अजून वाटतं.

वकिलीणबाईंच्या ऑफिसातून उतरून आम्ही खाली हॉकर सेंटरमध्ये कॉफी प्यायला बसलो. भाऊजी म्हणाले, "पैशाचं मी बघतो. विषय संपला."

"संपला नाही," नवरा म्हणाला. "फुकट नको."

"फुकट काय, दादा? तू माझी फी भरलीस तेव्हा मी हिशेब मांडला होता का?"

"ते वेगळं. तू लहान होतास."

"मग उसने घे."

"उसने घेऊन देणार कुठून? हात हा असा."

मीही म्हणाले, "भाऊजी, आम्हाला उपकार नकोत. राग मानू नका." आमच्या घरात असंच होतं. वडील पाठीवर पोतं घेऊन जातानासुद्धा कुणाच्या चहाचे पैसे आपल्या अंगावर ठेवत नसत.

भाऊजींनी कपाळाला हात लावला. मग एकदम त्यांना काहीतरी सुचल्यासारखं झालं. "बरं. मग धंदा कर माझ्याशी. सगळा खर्च मी घालतो. काही मिळालं तर चौथा हिस्सा माझा. नाही मिळालं तर माझे बुडाले. आता तरी फुकट नाही ना?"

नवऱ्याने डावा हात पुढे केला. उजवा अजून गळ्यातच अडकवलेला होता. दोघांनी डाव्या हाताने हात मिळवले आणि दोघंही पोरांसारखे हसले. मला बरं वाटलं. आपल्या भावाचा मान राखायला एखादा माणूस किती युक्तीने वागतो, असं मनात आलं. ते खरंच तसं होतं. त्या टेबलावर प्रेमाशिवाय काही नव्हतं, हे मी आजही कुणालाही सांगेन.

पुढच्या भेटीत मी वकिलीणबाईंना सहज विचारलं, "घरातल्याच कुणी खर्च करून हिस्सा ठरवला तर?"

तिने मान वर केली नाही. "हे मी ऐकलं नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही पुन्हा विचारू नका."

सुरुवातीला काही बदललं नाही. भाऊजी रविवारी यायचे, मटण आणायचे, भावाची टिंगल करायचे. "दादा, डाव्या हाताने जेवतोस, आई असती तर ताट उचललं असतं." मग हळूहळू त्यांचे प्रश्न बदलले. पूर्वी विचारायचे, "दुखतं का रे?" आता विचारायला लागले, "डॉक्टर काय म्हणाले? कायमचं लिहिलंय की तात्पुरतं?" एका रविवारी जेवता जेवता त्यांनी नवऱ्याचं मनगट हातात घेतलं, बोटं एकेक करून वाकवून पाहिली आणि म्हणाले, "एवढंच जातंय ना अजून?" आवाजात काळजी होती. पण काळजीबरोबर आणखीही काहीतरी होतं आणि ते मला कळलं. बँकेत एखाद्या कंपनीचे कागद बघताना ते असंच बोलत असतील.

नवरा व्यायाम मनापासून करत होता. गरम पाण्यात हात, मऊ चेंडू, कपड्यांचे चिमटे. फिजिओथेरपिस्ट मुलगी खूश होती. एका संध्याकाळी खाली व्हॉइड डेकवर, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, शेजारचे दोघे म्हातारे कॅरम खेळत बसले होते. नवरा आणि भाऊजी लहानपणी कॅरमवर जीव टाकायचे. नवऱ्याने नुसतं बसतो म्हणता म्हणता स्ट्रायकर उजव्या हातात घेतला. पहिले दोन फटके कुठच्या कुठे गेले. तिसऱ्याला सोंगटी भोकात पडली. आमची मुलगी इथल्या पोरांच्या बोलीत किंचाळली, "बाबा, सो पॉवर, लाह!" तिने पुढचा फटका फोनवर घेतला आणि लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला. पुण्याहून तिच्या आत्याने हात जोडल्याची चित्रं पाठवली. मीही पाठवली. डोळे भरून आले होते.

लिफ्टमध्ये असतानाच भाऊजींचा फोन आला.

"वहिनी, तो व्हिडिओ काढायला सांगा तिला."

"का हो?"

"अहो, विम्याच्या डॉक्टरांची तपासणी राहिलीये अजून. विम्याचे लोक बघत असतात. उद्या कुणी दाखवलं की हा बघा, हा कॅरम खेळतो, की झालं."

"भाऊजी, त्याचं बोट वळलं. बघितलंत का तुम्ही?"

"बघितलं ना. छानच आहे," ते म्हणाले. "पण तपासणीपर्यंत जरा सांभाळून, एवढंच म्हणतो."

फोन स्पीकरवर नव्हता, पण लिफ्टमध्ये बाकी काही आवाज नव्हता. नवऱ्याने सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी वकिलीणबाईंना फोन केला. ती चिडली. "काही काढायचं नाही, काही लपवायचं नाही. माणूस बरा होतोय, तर बरा होतोय असं आपण सांगू. पैसे कमी मिळतील. मग? हात जास्त मिळेल." तिला आमच्या निकालातून एक डॉलरही जास्त मिळणार नव्हता, म्हणून ती हे इतक्या पटकन म्हणू शकली. फोन ठेवून मी जिन्यात जाऊन उभी राहिले. तिने म्हटलेली ती वेगळी नजर आता आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली होती.

नवरा त्यानंतर खाली गेला नाही. म्हाताऱ्यांनी दोनदा निरोप पाठवला. मग चिमटे कपाटात गेले. चेंडू सोफ्यामागे गेला, तो मी काढून दिला, तो पुन्हा गेला. फिजिओच्या वेळा तो पुढे ढकलायला लागला. ताप आहे, पाऊस आहे, आज नको.

मी विचारलं, "हात तुझा आहे की त्याचा?"

"त्याचे पैसे अडकलेत."

"बुडाले तर त्याचे बुडाले, असंच ठरलंय ना?"

"तो म्हणाला तसं. मी कसा बुडवू? लहान आहे तो माझ्यापेक्षा."

"अरे, काँडो आहे त्याचा! त्याला काय कमी आहे?"

"कमी असण्याचा प्रश्न नाही," तो म्हणाला. "मी हात दिलाय."

मी खूप बोलले. भांडले, रडले, एकदा ताटही आपटलं. डॉक्टरांना खोटं सांग असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं आणि त्याने सांगितलंही नाही. तो फक्त थांबला. बरा होणं थांबवून तो वाट बघत बसला. सकाळी मी कामाला निघताना तो खिडकीपाशी असायचा, उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला, एखादी वस्तू कुणीतरी घेऊन जाणार असल्यासारखा.

विमा कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं त्या दिवशी भाऊजी सुट्टी घेऊन आले होते. मी आत होते, ते बाहेर. डॉक्टर बोटं वाकवायचे, कोन मोजायचे, लिहायचे. अंगठ्याला चिमटी करता येईना. नवऱ्याने खरोखर जोर लावला, कपाळावर घाम आला. चिमटी झाली नाही. तो हाताकडे बघत राहिला. मला वाटतं त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

काही आठवड्यांनी वकिलीणबाईंनी रिपोर्ट आल्याचं कळवलं. आपल्या आणि त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं जवळजवळ सारखं होतं. अपंगत्व कायमचं. आता विमा कंपनी फार ताणणार नाही, रक्कम चांगली येईल. आम्ही तिघं तिच्या ऑफिसात होतो. भाऊजींच्या तोंडून निघून गेलं, "चला, बरं झालं."

वकिलीणबाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि खिडकीचा पडदा उगाच नीट केला. भाऊजी दादाकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

पैसे आले. नवऱ्याने त्याच दिवशी चौथा हिस्सा भावाला पाठवला. भाऊजींनी फोन करून घेणार नाही म्हणून सांगितलं. नवरा म्हणाला, "घे. नाहीतर माझ्याकडे यायचं नाही." त्यांनी घेतला. आम्हाला फुकट नको होतं आणि आम्ही फुकट काही घेतलं नाही. आजही मला त्या नकारात चूक वाटत नाही. मला फक्त ते टेबल आठवतं आणि दोघांचं हसणं.

नवरा नंतर फिजिओकडे परत गेला, रोज गेला. त्या मुलीने महिनाभर प्रयत्न केले आणि मग मला बाजूला घेऊन सांगितलं की ज्या काळात सांधे ऐकतात तो काळ गेला. आता आहे ते टिकवायचं. नवरा हल्ली एका गोदामात खोक्यांवरची लेबलं तपासण्याचं काम करतो. बटणं मी लावते. कधी मुलगी लावते.

भाऊजी गेल्या महिन्यात एकटेच आले. नवरा कामावर होता. चहा झाला तरी ते उठेनात. शेवटी कपाकडे बघत म्हणाले, "वहिनी, तो तेव्हा वेळा पुढे ढकलायचा, फिजिओवाल्या मुलीने सांगितलं मला. मी भेटलो होतो तिला."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मी त्याला व्यायाम सोड असं म्हणालो नव्हतो ना? कधी म्हणालो होतो का?"

त्यांना होकार हवा होता की नकार, मला कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळलं नसावं. मी खरं ते सांगितलं.

"नाही भाऊजी. तुम्ही तसं कधीच म्हणाला नव्हता."

त्यांनी मान हलवली. मग मोठा माणूस रडतो तसे रडायला लागले, आवाज न करता, नाक पुसत. मी त्यांच्यासमोर बसून राहिले. दादा यायला अजून तासभर होता आणि तोवर त्यांनी जावं की थांबावं, हे मला त्यांना सांगता येईना.