परदेशी गेलेला साकव

आमचे मामा बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणत आणि समोरचा उत्तर देईपर्यंत गप्प बसत. उमेदीची सगळी वर्षं फौजेत वायरलेसवर गेली, त्याची ही खूण. मामी जेवायला हाक मारायची, तर मामा अंगणातून म्हणायचे, “हात धुतोय, ओव्हर.” औंधच्या पलीकडच्या त्या गावात म्हातारी माणसंही त्यांना ओव्हरमामाच म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

फौजेतली दुसरी सवय मात्र गावाला जाचायची. निरोप कुणाचा हे कळल्याशिवाय तो पुढे पाठवायचा नाही. मोबाइलवर काहीही आलं की मामा पाठवणाऱ्याला फोन लावत, “तुला ह्ये कुणी सांगितलं? आणि त्येला?” दोन-तीन फोनांत धागा तुटायचाच. लग्नकार्यात लोक त्यांच्या शेजारची खुर्ची टाळत. मी मुद्दाम तीच पकडायचो.

ओढ्यावर साकव व्हावा ही गावाची जुनी मागणी. एवढासा पूल, पण तो नसल्यानं पूर आला की पलीकडची शाळा बंद, आणि स्मशानही पलीकडेच. एके वर्षी गावाच्या ग्रुपवर मजकूर फिरला : सरकारनं कुठल्याशा देशाला कोट्यवधींची मदत दिली, म्हणून गावोगावचे साकव रद्द झाले. खाली कुणीतरी आपल्या गावाचं नावही जोडलेलं. झालं, आगीत तेल. मामांचे फौजेतले जोडीदार बापूअण्णा पारावर उभे राहून म्हणाले, आता ग्रामसभेवर बहिष्कार. सगळ्यांनी माना हलवल्या. साकव कायमचा बुडायची वेळ आली.

मामा म्हणाले, “त्या देशाला पैसं दिलं असतील, नसतील, मला म्हाईत न्हाई. पण आपलं पैसं मंजूर तरी कवा झालं हुतं, अण्णा?”

अण्णा चिडले. मामा सरकारची बाजू घेतात म्हणाले आणि चहाला यायचे बंद झाले. शेवटी मामाच त्यांच्या दारात गेले आणि त्यांना गाडीवर बसवून तालुक्याला घेऊन गेले. तिथं कळलं की या गावाचा साकवाचा प्रस्ताव कधी आलेलाच नाही. ग्रामसभेचा ठरावच नव्हता. कारण सभा ठेवली होती यमाईच्या यात्रेच्या दिवशी, आणि गाव झाडून औंधला कुस्त्या बघायला गेलेलं. कोरम भरला नाही, सभा तहकूब झाली, पुन्हा कुणी घेतलीच नाही.

मामांनी हे पारावर सांगितलं तेव्हा जो तो आपल्या चपला शोधायला लागला. शिव्या द्यायला परदेश बरा असतो. मग मामाच म्हणाले, “मीबी औंधलाच हुतो. फेटा बांधून म्होरं बसलोतो.” तेव्हा कुठे लोक हसले.

पुढच्या ग्रामसभेला बसायला जागा नव्हती. ठराव झाला. मामा-अण्णांनी तालुक्याला इतके खेटे घातले की तिथला शिपाई त्यांना बघून न विचारता पाणी आणायचा. साकव उभा राहिला. उद्घाटनाच्या फलकावर मामांचं नाव नाही. मामीला त्याचा राग होता, मला अजून आहे.

गेल्या परतीच्या पावसात मामा गेले. ओढा दुथडी भरून वाहत होता. पूर्वी अशा वेळी पाणी उतरेपर्यंत माणूस घरातच ठेवावा लागे. आम्ही मामांना साकवावरून घेऊन निघालो. डोळे वाहत होते, तरी असा मामा मिळाला म्हणून ऊर भरून आला होता. शेजारी खांदा देणारे अण्णा मध्येच थांबले आणि खालच्या पाण्याकडे बघत म्हणाले, “पैसा कुठं परदेशी गेला न्हवता रं. आमीच जाग्यावर न्हवतो. तुज्या मामानं आमाला बोलावून आणलं.”