मैदानापलीकडचा टेलिप्रिंटर

एम.ई.ला आम्ही तिघंच: मी, अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा मल्लिनाथ आणि शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली पद्मा. सत्तरच्या दशकात सोलापुरात नेटवर्क आणि त्याची सुरक्षितता शिकायची, आणि कॉलेजात कॉम्प्युटरच नाही! किस्से साठणारच. आता आम्ही भेटलो की घरची मंडळी चहा ठेवून आत निघून जातात.

आमच्या सरांनी भंगारातून दोन टेलिप्रिंटर आणले. तारेवरून आलेली अक्षरं छापणारी ही यंत्रं. एक लॅबमध्ये, दुसरं मैदानापलीकडे वर्कशॉपमध्ये, मधे वायर.

मल्लिनाथचे वडील बघायला आले. "दोन्ही मशिनी एकदम बोलाय लागल्या तर?"

सर म्हणाले, "अण्णा, त्याच प्रश्नावर ही पोरं एम.ई. करतायत!"

"मग त्यासाठी कालेज कशाला? आमच्या घरात रोज हेच चालतंय की!"

*

पहिला निरोप पाठवला आणि सरांना राहवेना. तो पोचतो का बघायला स्वतःच मैदान ओलांडून पळत सुटले. धापा टाकत पोचले, तर पद्मा कागद हातात घेऊन उभी. "सर, तुमच्या आधी आला!"

*

दुपारी मात्र अक्षरं बिघडायची. पद्मा म्हणाली, "शेजारचे माग सुरू झाले की बिघडतात." मग तिने प्रत्येक ओळीला तपासणीचं एक अक्षर जोडलं. ते जुळलं नाही की मशीन ओळ परत मागायचं. माग धडधडत राहिले, निरोप बिनचूक!

*

पद्माला पाहायला पाहुणे आले. "मुलगी काय शिकते?"

"मशीनला गुपित ठेवायला शिकवते," तिचे वडील म्हणाले.

मुलाची आई खूश. "म्हणजे तोंड बंद ठेवता येतं म्हणा की!"

पद्मा म्हणाली, "मशीनचं!"

*

शेवटी मुंबईहून परीक्षक आले. त्यांचं समाधान झालं नाही तर कोर्स बंद, असं विद्यापीठाने आधीच कळवलेलं. त्यांनी वायरीला मधेच, सरांनी नंतर भंगारातूनच आणलेला तिसरा टेलिप्रिंटर जोडायला लावला. "असं कुणीही ऐकेल. मग सुरक्षितता कुठाय?"

"ऐका की, सर," मल्लिनाथ म्हणाला.

आम्ही दोन्ही टोकांना छिद्रांची एकसारखी कागदी पट्टी लावली. तीच आमची किल्ली: तिच्या छिद्रांप्रमाणे इकडे अक्षरं बदलायची, तिकडे पुन्हा मूळ व्हायची. निरोप सोडला. परीक्षकांच्या मशीनवर नुसती अक्षरांची खिचडी.

"हे कानडी आहे?"

"न्हाय, सर," मल्लिनाथ म्हणाला.

"मग तेलुगू?"

पद्मा हसू दाबत म्हणाली, "नाही, सर."

सगळे वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या कागदावर इंग्रजी अक्षरांत स्वच्छ मराठी होतं: "सर, जेवूनच जा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे."

परीक्षकांनी पुन्हा वाचलं. चष्मा पुसला. कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"चटणी तिखट आहे का?"

"लई!"